आमची पावलं बाराला थांबत नव्हती

पट्टे आले तेव्हा आम्ही खूश झालो होतो, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं ऐकून लोकांना वाटतं, ही बाई पहिल्या दिवसापासून भांडायला उभीच होती. तसं नव्हतं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आम्हा सगळ्या सिस्टरांना बोलावलं, समोसे दिले आणि प्रत्येकीच्या हातात एक पांढरा डबा ठेवला. डब्यात काळा रबरी पट्टा. मनगटावर बांधायचा. किती पावलं चाललो, छातीचे ठोके किती, झोप किती लागली, सगळं त्यात दिसणार. डब्यावर लिहिलं होतं, एकदा चार्ज केला की सात दिवस चालतो.

मी अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात बायकांच्या जनरल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तीस खाटा. माहेर भातकुली तालुक्यातलं, नर्सिंग शिकले अमरावतीला, लग्न झालं आणि अकोल्यात आले ती इथलीच झाले. दवाखाना मोठ्या डॉक्टरांचा. ते सर्जन, सत्तरीला टेकलेले, अजूनही ऑपरेशन करतात. मात्र दोनेक वर्षांपासून रोजचा कारभार त्यांनी एका मॅनेजर साहेबांवर सोपवला होता. साहेब पुण्याहून आलेले, पस्तिशीचे, बोलायला मऊ. आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पट्टे त्यांनीच आणले. हॉलमध्ये म्हणाले, "तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची काळजी घेता, आता तुमची काळजी आम्ही घेणार." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

पहिला महिना मजेत गेला. सकाळच्या पाळीत माझ्यासोबत तीन सिस्टर असायच्या. त्यातली सगळ्यात नवी धामणगाव रेल्वे गावची, जेमतेम तेवीस वर्षांची पोट्टी, पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची. ड्युटी संपली की तिघी मनगटं जुळवून बघायच्या, आज कोणाची पावलं जास्त. रोज नवीच जिंकायची. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी हे सगळं बघत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मले काहून नाई देल्लं वो बाई हे? मी का पायानं चालत नाई?" मावशींना पट्टा नव्हता, कारण त्या ठेकेदाराच्या माणूस. मी माझा काढून एक दिवस त्यांच्या हाताला बांधला. संध्याकाळी पाहिलं, तर आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचीच पावलं जास्त निघाली. मावशींनी तो आकडा आपल्या जावयाला दाखवायला म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

मग पट्टे रडायला लागले.

सात दिवस तर कधीच चालले नाहीत. ऑफिसला सगळं दिसावं म्हणून ठोके मोजायचं आणि आम्ही कुठे आहोत ते कळवायचं काम त्यात चोवीस तास चालू ठेवलेलं होतं, ते आम्हाला बंद करता येत नव्हतं. सुरुवातीला सकाळी भरलेला पट्टा संध्याकाळपर्यंत पुरायचा. संक्रांतीपर्यंत दुपारच्या तीनवर आला. आमचं काम म्हणजे दर खाटेगणिक हात धुणं, सॅनिटायझर, स्पिरिट. मागच्या बाजूला चार्ज करायची दोन पितळी टोकं होती, त्यांच्यावर हिरवा थर चढला. चार्जरवर ठेवला तरी वीज जाईना. मग खडूच्या पुडीनं घासायचं, सुईच्या टोकानं खरवडायचं. रबर चिरत चाललं. दुसऱ्या एका सिस्टरचा पट्टा एका बाईला खाटेवर सरकवताना तुटून चादरीत गेला, चादर धुवायला गेली, पट्टा दोन दिवसांनी धोब्याकडून परत आला. माझ्या पट्ट्याचं बक्कल निघालं, तर मी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं तो मनगटाला बांधला. फाल्गुन सरला आणि अकोल्याचं ऊन तापायला लागलं. बाहेर रस्ता मऊ पडत होता. पट्टा हाताला चटका देईल इतका गरम व्हायचा.

तक्रार केली की ऑफिसातून एकच उत्तर, "तुम्ही नीट चार्ज करत नाही."

"नीट म्हंजे कसं?" मी एकदा विचारलं. "रातभर लावून ठेवतो. आनखी का त्याले दूध पाजाव?"

हसले सगळे. बदललं काही नाही.

एप्रिलच्या मध्याला साहेबांनी सगळ्या वॉर्डांच्या इन्चार्जना बोलावलं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर एक आलेख होता. सकाळी आठपासून रेघ चढत गेलेली, अकराला शेंड्यावर, आणि बाराच्या पुढे धपकन खाली. जमिनीवर आडवी. साहेब शांतपणे म्हणाले, "हे सकाळच्या पाळीचं आहे. बारानंतर हालचाल जवळजवळ शून्य. म्हणजे बारा ते दोन आपल्याकडे मनुष्यबळ जास्त होतंय. माझा कोणावर आरोप नाही. पण प्रत्येक जनरल वॉर्डातून एक सिस्टर कमी करता येईल."

मी त्या आडव्या रेघेकडे बघत राहिले. सकाळच्या पाळीत बारा ते दोनसारखा कठीण वेळ नाही. राउंड आटोपून डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं तेव्हा करायचं असतं. ज्यांना घरी जायचं त्यांचे कागद, जे नवे येतात त्यांच्या सुया, दुपारची औषधं, ऑपरेशनवरून परत येणारे पेशंट, आणि दोनला पुढच्या पाळीला सगळं समजावून द्यायचं. त्या दोन तासांत मला कधी कधी पाणी प्यायचंही आठवत नाही. आणि पडद्यावर आम्ही सगळ्या बसलेल्या!

"साहेब," मी म्हणाले, "हे खोटं आहे."

"मशीन खोटं कशाला बोलेल, सिस्टर?"

"मी बोलते का मंग खोटं?"

"तसं मी म्हटलं का?" असं म्हणून त्यांनी पुढचा आलेख लावला.

तीन दिवसांनी नवीला सांगितलं, महिनाअखेरपासून येऊ नका. सगळ्यात शेवटी लागलेली म्हणून ती. नवी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "सिस्टर, मी बसून राहत होती का वो? तुमीच सांगा."

"पट्टा दाखव तुया," मी म्हणाले.

साडेबारा झाले होते. तिच्या पट्ट्यावर वेळ दिसत होती, बारा बत्तीस. पावलं सात हजार चारशे अकरा. मी तिला म्हणाले, पहिल्या खाटेपासून तिसाव्या खाटेपर्यंत जा आणि परत ये. ती गेली, आली. सात हजार चारशे अकरा. पुन्हा पाठवली. सात हजार चारशे अकरा. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वेळ पुढे सरकत होती, पावलं जागची हलत नव्हती. कोपऱ्यात बॅटरीचं एवढंसं लाल चिन्ह होतं.

नवीनं मोबाइलवर त्या पट्ट्याची माहिती उघडली, खाली खाली जात वाचत राहिली, आणि एका जागी बोट ठेवलं. बॅटरी थोडीच उरली की पट्टा बाकी सगळं बंद करतो आणि फक्त वेळ दाखवतो. म्हणजे पट्टा मेलेला दिसत नव्हता. जिवंत दिसत होता, फक्त मोजत नव्हता. बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक चाललंय.

पुढचे तीन दिवस आम्ही चौघींनी वहीत लिहून ठेवलं, कोणाचा पट्टा किती वाजता मोजायचा थांबला. बारा वाजून पाच मिनिटं. पावणेबारा. बारा वीस. माझा तर एका दिवशी सव्वाअकरालाच. मी ती वही घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि वही बंद करून माझ्याकडे सरकवली.

"सिस्टर, तुम्ही मेहनत घेतलीत. पण हे हातानं लिहिलेलं आहे. ह्याला डेटा नाही म्हणता येत."

"आम्ही पेशंटचा बीपी पण हातानंच लिहितो, साहेब. थो चालते, अन् हे चालत नाई?"

"कंपनीच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणतो, पट्ट्यात दोष नाही. वापरात दोष आहे."

"मंग एक दिवस तुम्ही घाला आन माझ्यासोबत फिरा. आठ ते दोन."

ते हसले. वाईट हसणं नव्हतं, पण मी काहीतरी बालिश बोलले असं त्यात होतं. "मला बाकी कामं आहेत, सिस्टर."

नवी महिनाअखेरीला गेली. शेवटच्या दिवशी तिनं पट्टा ऑफिसात जमा केला, त्यांनी तिच्याकडून सही घेतली की पट्टा चांगल्या स्थितीत परत मिळाला.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. वॉर्डात आता मी आणि दोन सिस्टर. अठराव्या खाटेवर मूर्तिजापूरकडच्या एक आजी होत्या, तापानं आलेल्या, सलाईन चालू. सून सोबत होती, ती औषध आणायला खाली गेलेली. दुपारी एक वाजला होता. एक सिस्टर सहाव्या खाटेपाशी होती, तिथे एका बाईला रक्त लावलं होतं. रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाट सोडायची नाही, हा नियम आहे, आणि तो योग्य आहे. दुसरी सिस्टर नव्या आलेल्या पेशंटच्या शिरेत सुई टोचत होती. मी खाली ऑपरेशन थिएटरमधून एका बाईला वर आणायला गेले होते, कारण पाठवायला दुसरं कोणी नव्हतं.

आजींनी हाक मारली. दोनदा मारली, असं शेजारची बाई नंतर म्हणाली. कोणी येईना म्हणून आजी स्वतःच उठल्या, सलाईनची बाटली स्वतःच्या हातात धरली आणि संडासाकडे निघाल्या. दारापाशी घसरल्या.

मी स्ट्रेचर घेऊन वर आले तेव्हा मावशी त्यांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मनगट वाकडं झालं होतं. बाटली फुटली नव्हती, आजींनी ती उराशी धरून ठेवली होती. मला पाहून म्हणाल्या, "बाटली नाई फुटू देल्ली मी. पाह्य, हाये तशीच हाये."

मी तिथे जमिनीवर बसले. आजी मलाच समजावायला लागल्या, "तुयी काय चूक हाये माय? तुमाले दम खायाले टाइम नाई, मी पाहूनच राहिली ना सकाळपासून."

सून वर आली आणि तिनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. घ्यायलाच पाहिजे होता. "इतल्या मोठ्या दवाखान्यात पाहाले कोनी नाई?" ती ओरडली. मी तिला खरं ते सांगितलं, एक सिस्टर कमी केलेली आहे, ह्या वेळी तीस खाटांना आम्ही तिघीच आहोत. ती म्हणाली, "मंग हे तुमी आमाले कावून सांगता? त्याईले सांगा ना, ज्याईनं कमी केली."

तिचं बोलणं मला लागलं, कारण बरोबर होतं.

पेशंट पडला की अहवाल लिहावा लागतो. छापील कागद असतो. कधी, कुठे, कोणासमोर, आणि शेवटी कारण. अमरावतीला शिकताना आमच्या मेट्रन बाईंनी एक गोष्ट अंगात भिनवली होती: जे केलं नाही ते लिहायचं नाही, आणि जे झालं ते लिहिल्याशिवाय टोपी उतरवायची नाही. आता टोप्या राहिल्या नाहीत. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: वॉर्डात एक सिस्टर कमी. पट्ट्याच्या आकड्यांवरून ती कमी करण्यात आली. पट्टा दुपारी बाराच्या सुमारास मोजायचं बंद करतो, हे आधी लेखी वहीसह कळवलं होतं. सही केली आणि दिला पाठवून.

तासाभरात बोलावणं आलं. साहेबांसमोर माझा अहवाल होता आणि त्याशेजारी एक कोरा फॉर्म.

"सिस्टर, कारणाच्या रकान्यात असं लिहीत नाहीत."

"कसं लिहितात मंग?"

"'रुग्णाने सूचना न पाळता एकटीने उठण्याचा प्रयत्न केला.' एवढं पुरतं."

"सूचना द्यायला तिथं कोण होतं?"

"हे बघा, हा कागद उद्या कुठेही जाऊ शकतो. तुमच्या आणि दवाखान्याच्या, दोघांच्या भल्याचं सांगतोय. हा नवा फॉर्म घ्या." त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं नाही. म्हणाले, "जुना तुम्ही फाडा. तुमच्या हातानं. अन् खाली सही करा की मी फाडला. मंग मी नवा लिहिते."

त्यांनी फाडला नाही. बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, उद्यापर्यंत विचार करा.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. तो शाळामास्तर होता, आता निवृत्त आहे, भांडण त्याला आवडत नाही. म्हणाला, "रिटायर व्हाले चार वर्सं राह्यली तुई. लिहून दे ना त्याईले पाहिजे तसं. आजीले तं माहीतच हाये तुई चूक नाई."

"आजीला माहीत आहे म्हणूनच," मी म्हणाले. तो मेथीच्या काड्या बाजूला करत राहिला. सकाळी निघताना मात्र म्हणाला, "घाबरू नोको."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की विचार झाला, आणि एक अक्षरही बदलणार नाही. तेव्हा त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे कालची रेघ होती.

"मला हे काढायचं नव्हतं," ते म्हणाले. "पण तुम्ही ऐकत नाही. आजी पडल्या एक वाजता. तुमचाच पट्टा सांगतो की पावणेबारापासून दोनपर्यंत तुम्ही जागेवरून हललेल्या नाहीत. एक पाऊल नाही. आता मी ह्याचा अर्थ काय लावायचा?"

खरं सांगते, पहिल्यांदा मला घाम फुटला. चोरी न करता चोर ठरल्यावर माणसाला जसं होतं तसं. आणि मग आतून असा संताप वर आला की माझा आवाज एकदम खाली गेला. मला राग आला की मी हळू बोलते.

"साहेब, त्या वेळी मी खाली थिएटरात होते. स्ट्रेचरच्या डोक्याकडून मी धरलं होतं. पायाकडून कोण होतं ते विचारा. मोठे डॉक्टर होते. लिफ्ट बंद होती म्हणून उतारावरून आम्ही ती बाई ढकलत आणली, उताराच्या टोकापर्यंत त्यांनी स्वतः हात लावला. त्यांना जाऊन सांगा, तुम्ही पण एक वाजता जागेवरून हललेले नव्हते."

साहेबांनी पडदा परत स्वतःकडे वळवून घेतला.

मी चिकटपट्टी सोडवली. ती घट्ट बसली होती, केसांसकट निघाली. पट्टा त्यांच्या टेबलावर ठेवला. "ड्युटी मी करीन. जशी करत आली तशीच करीन. हा घालणार नाही. काय लिहायचं ते माझ्या फाइलीत लिहा."

वॉर्डात परत आले तर माझं मोकळं मनगट दोघींनी पाहिलं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. रक्तवाली सिस्टर आधी पुढे आली, तिनं आपला काढला. दुसरीनं काढला. ठेवायचा कुठे म्हणून ड्रेसिंगचा किडनी ट्रे घेतला. दुपारी दोनच्या पाळीवाल्या आल्या, हँडओव्हर घेतला आणि त्यांनीही काढले. वरच्या मजल्यावरच्या पुरुष वॉर्डातून एक ब्रदर खाली आला, त्याला कसं कळलं कोण जाणे, त्याच्या हातात चार पट्टे होते. मावशींनी ट्रे उचलला. "मी देऊन येतो," म्हणाल्या, "मायावाला त्याच्यात नाई, म्हनून मले कोनी काई म्हनू शकत नाई." आणि दोन्ही हातांत ट्रे धरून जिना चढून गेल्या.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. साहेब तिथेच बसलेले. टेबलावर तो ट्रे.

"सिस्टर, हे काय चालवलं तुमी?" डॉक्टर म्हणाले. आवाजात राग होता.

मी विचारलं, "सर, काल एक वाजता मी कुठे होते?"

"कुठे होत्या म्हणजे? माझ्यासोबत. त्या पित्ताशयवाल्या बाईला आणलं ना आपण."

"ह्यांचा पट्टा म्हणतो, मी बसलेली होते."

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सांगायचा प्रयत्न केला, एखादी चूक, कंपनी, नवी आवृत्ती येणार आहे. डॉक्टरांनी ट्रेमधला एक पट्टा उचलला, मागून पुढून पाहिला. हिरवी टोकं, चिरलेलं रबर, त्यात अडकलेला मळ. मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. "हा घालून तुम्ही ड्रेसिंग करता?"

"काढू नका म्हणून सांगितलेलं आहे, सर. काढला की 'हातात नाही' असं ऑफिसात दिसतं."

"मी चाळीस वर्षं घड्याळ काढून हात धुतो," ते साहेबांना म्हणाले. "आणि माझ्या सिस्टरा हे घालून जखमा उघडतात? कोणाला विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पट्टे वापरणे बंद करण्यात येत आहे. सिस्टरा आनंदल्या. मला आनंद झाला नाही. मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि म्हणाले, सर, कारण अर्धंच लिहिलं आहे. पट्टा मोजत नव्हता, आणि त्याच्या आकड्यावर एक पोरगी घरी गेली, हेही लिहा. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "जिंकल्या ना तुमी? मग आता पुरे करा."

मी म्हणाले, "जिंकायसाठी नव्हतं सर."

सूचना तशीच राहिली. माझा अहवालही तसाच राहिला, एक अक्षरही न बदलता. आजींच्या हाताचं सगळं दवाखान्यानं केलं. सुनेनं जाताना माझा फोन नंबर मागून घेतला.

मलाही एक मेमो मिळाला. 'वरिष्ठांशी उद्धट भाषा वापरल्याबद्दल' आठ दिवसांत माफीपत्र द्यावे. आमच्या बोलीला पुण्याकडचे लोक उद्धटच म्हणतात, पण इथे तो मुद्दा नव्हता. मी उत्तर लिहिलं: मी बोललेलं एकेक वाक्य खाली देत आहे. ह्यातलं कोणतं खोटं आहे ते कळवावं, त्याबद्दल माफी मागेन. आणि सगळी वाक्यं लिहिली, दूध पाजण्याचं धरून. त्याला उत्तर आलं नाही. मेमो मागेही घेतला नाही. आहे फाइलीत.

तिसऱ्या सिस्टरची जागा पोळ्याच्या सुमारास भरली. मी त्याआधीच नवीला फोन केला होता की ये परत. ती तोवर अमरावतीच्या एका दवाखान्यात लागली होती. म्हणाली, "नाई येत सिस्टर. ज्याईनं मले बसून राहते म्हनलं, त्याईच्या दारात मी उभी नाई राहत." मला वाईट वाटलं, पण मी तिला आग्रह केला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. वरूडची एक सिस्टर आली, तीही चांगली आहे.

मॅनेजर साहेब वर्षभरानं पुण्याला गेले. जाताना माझ्याकडे आले होते. म्हणाले, "सिस्टर, माझा हेतू वाईट नव्हता."

"मले माहीत हाये," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. ते वाईट माणूस नव्हते. एक वाजता वॉर्डात येऊन उभं राहण्यापेक्षा खोलीत बसून रेघ बघणं त्यांना सोपं वाटलं, एवढंच. पण त्यात एका म्हाताऱ्या बाईचं हाड मोडलं, म्हणून 'जाऊ द्या साहेब' असं मी म्हटलं नाही. त्यांना ते ऐकायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

यंदा जानेवारीत ऑफिसात नवीन मॅडम आल्या आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी एक संमतीचा फॉर्म फिरवला. आता अंगठीसारखं काहीतरी येणार आहे, बोटात घालायचं. बॅटरी फार चांगली आहे म्हणतात, पाण्यानं खराब होत नाही म्हणतात. असेलही. फॉर्मवर 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. मी 'नाही'वर खूण केली. खाली 'शेरा' म्हणून एक ओळ मोकळी होती, तिथे लिहिलं: माझं काम बघायचं असेल तर दुपारी बारा ते दोन वॉर्डात यावं. खुर्ची देता येणार नाही, आमच्याकडे बसायला वेळ नसतो.

वरूडच्या सिस्टरनं माझ्या खांद्यावरून वाचलं, हसली नाही, आणि आपला फॉर्म पुढे ओढून पेन मागितलं.